बिनतारी गृहजाल आणि ऑनलाइन खेळ

बिनतारी गृहजाल आणि ऑनलाइन खेळ : रेडिओ तरंगांच्या साहाय्याने घरात मिळणाऱ्या इंटरनेट जोडणीवरून दूरच्या खेळाडूंशी खेळले जाणारे संगणकीय खेळ आणि त्यांसाठी विकसित झालेली तंत्रे यांच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. ‘बिनतारी गृहजाल’ या संज्ञेत दोन भिन्न व्यवस्था येतात : (१) घरापर्यंत तार वा प्रकाशीय तंतू आलेला असून त्यापुढे घरातल्या घरात माहिती वाहून नेणारे वाय-फाय जाल, (२) मोबाइल दूरध्वनीच्या मनोऱ्यावरून अथवा कृत्रिम उपग्रहावरून थेट घरापर्यंत येणारी रेडिओ जोडणी. या दोहोंचा इतिहास सामान्यतः वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खेळाडूच्या दृष्टीने मात्र तो मुख्यतः विलंबाचा इतिहास आहे. हवा हे सर्वांनी वाटून घ्यावयाचे माध्यम असल्यामुळे कोणी केव्हा बोलावे, कोणी थांबावे आणि थांबण्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न त्यात आरंभापासून गुंतलेले आहेत.

विलंबाचे स्वरूप : खेळाडूने कळ दाबल्यावर ती सूचना सर्व्हरपर्यंत (खेळाची अधिकृत स्थिती सांभाळणाऱ्या मध्यवर्ती संगणकापर्यंत) जाऊन तिचे उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळाला फेरीचा विलंब म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात तो ‘पिंग’ या नावाने येतो व मिलिसेकंदांत (सेकंदाच्या हजाराव्या भागांत) मोजला जातो. त्याचा काही भाग निसर्गनियमानेच ठरलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश दर सेकंदास सु. २,००,००० किमी. जातो. मुंबई व सिंगापूर यांमधील सरळ अंतर सु. ३,९०० किमी. असल्याने अगदी सरळ तंतुमार्ग मिळाला, तरी ही फेरी सु. ३९ मिलिसेकंदांहून लवकर पूर्ण होऊ शकत नाही. मुंबई व पुणे यांच्या दरम्यान हाच काळ एक-दीड मिलिसेकंद इतकाच भरतो. उरलेला विलंब मार्गातील यंत्रे, तेथील रांगा आणि माध्यमाची वाटणी यांमुळे निर्माण होतो.

खेळाला लागणारी माहिती अल्प असते. चित्रपट पाहताना जितकी माहिती वाहते तिचा लहानसा अंश बहुतेक खेळांना पुरतो. परंतु चित्रपटाचा पुढील भाग अगोदरच मागवून साठविता येतो, तसा खेळाचा येत नाही. कारण प्रतिस्पर्धी पुढे काय करणार हे अद्याप घडलेलेच नसते. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या खेळात एक चित्र सु. १६·७ मिलिसेकंद टिकते. तेवढ्या उशिरानेही एखादा डाव फिरू शकतो. शिवाय विलंब स्थिर असल्यास खेळाडूचा हात त्याला सरावतो, पण क्षणात २० तर क्षणात २०० मिलिसेकंद होणाऱ्या विलंबाशी जुळवून घेणे कठीण असते. बिनतारी जोडणीचा मुख्य दोष सरासरी विलंबापेक्षा या चढउतारात आढळतो.

आरंभ : रेडिओवरून संगणकांना जोडणारे पहिले महत्त्वाचे जाल हवाई विद्यापीठात उभारले गेले. हवाई बेटांवर विखुरलेल्या विद्यापीठाच्या शाखांना ओआहू बेटावरील मुख्य संगणकाशी जोडावयाचे होते आणि उपलब्ध दूरध्वनी तारा त्यासाठी महाग व अविश्वसनीय होत्या. नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले ‘अलोहा’ हे जाल जून १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. त्याचा वेग दर सेकंदास ९,६०० बिट होता. माहितीचे लहान तुकडे (ज्यांना पॅकेट म्हणतात) करून प्रत्येक स्थानकाने आपले पॅकेट हवे तेव्हा पाठवावे, दोन पॅकेटांची टक्कर झाल्यास पोच मिळणार नाही आणि मग प्रत्येकाने यदृच्छया निवडलेला काळ थांबून ते पुन्हा पाठवावे, अशी त्याची पद्धत होती. ही पद्धत अत्यंत साधी होती. मात्र तिच्यात माध्यमाच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८·४ टक्के क्षमताच उपयोगात येऊ शकत होती. पॅकेट पाठविण्याच्या वेळा ठराविक कालखंडांत बांधून दिल्यास ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ३६·८ टक्के होते, असे लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९७२ मध्ये दाखविले.

अलोहाची कल्पना लवकरच तारेवर आली. एब्रॅमसन यांच्या कामाचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात ईथरनेट या स्थानिक जालाची रचना केली. प्रत्येक संगणकाने पाठविण्यापूर्वी तारेवर कान ठेवावा आणि टक्कर होताच थांबावे, ही सुधारणा त्यात होती. पुढे संगणकीय खेळांनी ज्या तारेचा आश्रय घेतला तिचे मूळ अशा रीतीने रेडिओतच आहे.

जोडलेल्या संगणकांवरील खेळही याच सुमारास सुरू झाले. अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३ च्या सुमारास तयार झालेल्या ‘मेझ वॉर’ या खेळात खेळाडू चक्रव्यूहात एकमेकांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे शोधत. ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून रचलेला ‘मड’ हा केवळ शब्दांनी खेळावयाचा खेळ १९८० मध्ये बाहेरच्या जालाशी जोडला गेला. शब्दांच्या खेळात एक-दोन सेकंदांचा उशीर सहज खपत असे, नेमबाजीच्या खेळात तो खपत नाही. विलंब हा खेळाच्या प्रकारानुसार दोष ठरतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

दूरध्वनी तारेचा काळ : घरगुती खेळाडूंच्या संख्येत मोठी भर पडली ती ‘डूम’ (डिसेंबर १९९३) या खेळामुळे. त्यात सर्व खेळाडूंचे संगणक सेकंदास ३५ वेळा एकमेकांच्या हालचाली कळवीत आणि सर्वांच्या सूचना आल्याशिवाय कोणाचाच खेळ पुढे सरकत नसे. परिणामतः ज्याची जोडणी सर्वांत मंद त्याच्या गतीने सर्वांना चालावे लागे. एका तारेवरच्या कार्यालयीन जालात हे ठीक होते. पण दूरध्वनीवरील मोडेमच फेरीत शंभर मिलिसेकंदांहून अधिक भर घालीत असल्याने घरातून ते त्रासदायक होई.

जून १९९६ मधील ‘क्वेक’ या खेळात मध्यवर्ती सर्व्हरची योजना आली. त्यामुळे एकाच्या मंदपणाचा भार सर्वांवर पडेनासा झाला, पण आता प्रत्येकाला स्वतःचे पाऊल पडद्यावर दिसण्यासाठीही सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागे. यावर उपाय म्हणून जॉन कारमॅक यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ‘क्वेकवर्ल्ड’ या सुधारित आवृत्तीत पूर्वानुमानाचे तंत्र आणले. या तंत्रात खेळाडूचा संगणक आपल्या हालचालीचा परिणाम स्वतःच अंदाजाने तत्काळ दाखवितो व सर्व्हरचे उत्तर येताच चूक असल्यास दुरुस्त करतो.

‘हाफ-लाइफ’ या खेळासाठी व्हॉल्व्ह कंपनीने याच्या पुढचे पाऊल उचलले. त्याचे विवेचन याह्‌न बर्नियर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. गोळी झाडल्याची सूचना पोहोचली की सर्व्हर खेळाचा काळ तेवढ्यापुरता मागे फिरवितो आणि झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसत होते त्यानुसार नेम लागला की नाही हे ठरवितो. यामुळे मंद जोडणीच्या खेळाडूलाही अचूक नेमाचे फळ मिळू लागले. याची दुसरी बाजू अशी, की भिंतीआड सुखरूप पोहोचलेला प्रतिस्पर्धी आपल्या पडद्यावर आडोशाला असतानाच मारला जाऊ लागला. विलंब नाहीसा करता येत नाही, तो एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येतो, ही गोष्ट येथे प्रथम ठळकपणे दिसून आली. द्वंद्वयुद्धाच्या खेळांसाठी टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये तयार केलेली ‘जीजीपीओ’ ही प्रणाली याच विचाराचा आणखी एक आविष्कार होय. तीत प्रतिस्पर्ध्याची चाल अंदाजाने गृहीत धरतात आणि अंदाज चुकल्यास खेळ काही चित्रे मागे नेऊन पुन्हा पुढे आणतात. ही सर्व तंत्रे तारेवरील विलंबासाठी निर्माण झाली होती. घरातील तार जाऊन रेडिओ आला तेव्हा त्यांच्यावर नवा भार पडला.

घरातील रेडिओ : अमेरिकेच्या संघराज्य संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये ९०० मेगॅहर्ट्‌झ, २·४ गिगॅहर्ट्‌झ व ५·८ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासचे तीन कंप्रता-पट्टे (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) विशिष्ट प्रकारच्या प्रेषणासाठी परवान्याविना खुले केले. हे पट्टे औद्योगिक व वैद्यकीय उपकरणांना दिलेले असून २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा सूक्ष्मतरंग भट्टीचाही असल्यामुळे संदेशवहनासाठी तो हलक्या प्रतीचा मानला जाई. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स या संस्थेने नेमलेल्या व व्हिक हेझ यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या समितीने ‘८०२·११’ हे पहिले मानक १९९७ मध्ये संमत केले. त्याचा कमाल वेग दर सेकंदास २ मेगॅबिट होता. १९९९ मध्ये ११ मेगॅबिटचे ‘८०२·११ बी’ आणि ५ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील ५४ मेगॅबिटचे ‘८०२·११ ए’ ही मानके आली. त्याच वर्षी उत्पादकांनी संघटना स्थापन करून या तंत्रासाठी ‘वाय-फाय’ हे नाव रूढ केले. भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

वाय-फायमध्ये ईथरनेटची शिस्त जशीच्या तशी चालत नाही. प्रेषण करीत असता आकाशकाजवळ (अँटेनाजवळ) स्वतःचा संकेत इतका प्रबळ असतो, की दुसऱ्याशी झालेली टक्कर ऐकू येत नाही. म्हणून टक्कर ओळखण्याऐवजी ती टाळण्यावर भर द्यावा लागतो. पाठविणारे यंत्र प्रथम माध्यम शांत आहे का ते ऐकते, नंतर यदृच्छया ठरलेले काही अल्प कालखंड थांबते, मग पॅकेट पाठविते आणि पोच न आल्यास थांबण्याची मर्यादा दुप्पट करून पुन्हा प्रयत्न करते. भिंतीपलीकडील यंत्राचे प्रेषण दुसऱ्या यंत्रास ऐकू न आल्यास दोघेही एकाच वेळी राउटरकडे (घरातील जाल बाहेरच्या जालाशी जोडणाऱ्या यंत्राकडे) बोलू लागतात. ‘लपलेल्या स्थानका’ची ही अडचण फौद तोबागी व लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच विशद केली होती. अशा प्रत्येक पुनःप्रयत्नाने मिलिसेकंदांची भर पडते. चित्रपट पाहणाऱ्याला ती जाणवत नाही, परंतु खेळणाऱ्याचा एखादा निर्णायक क्षण तीत जातो.

याशिवाय २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन मार्ग बसतात. दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांची जाले त्यांतच दाटीवाटीने राहतात आणि परस्परांत व्यतिकरण (एका संकेताने दुसऱ्यात आणलेला अडथळा) निर्माण करतात. मार्टिन ह्यूस व त्यांच्या ग्रनॉबल येथील सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या व्यवस्थेतील आणखी एक विसंगती दाखविली. सर्व यंत्रांना पॅकेट पाठविण्याची संधी समसमान मिळते, पण दूरच्या खोलीतील क्षीण जोडणीच्या यंत्राला तेच पॅकेट पाठविण्यास अनेकपट वेळ लागतो. त्यामुळे ११ मेगॅबिटने चालणारी जवळची यंत्रेही १ मेगॅबिटच्या यंत्राच्या पातळीला येतात. ‘डूम’मधील मंद खेळाडूचा जुना प्रश्न येथे निराळ्या रूपाने परत आला. फरक एवढाच, की आता मंद यंत्राचा मालक खेळात सहभागीही नसतो.

खेळयंत्रांचा बदल : मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’ (२००१) या खेळयंत्रात तारेची जोडणी अंगभूत होती आणि नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झालेली त्याची ऑनलाइन सेवा जलद जोडणीवरच चाले. बिनतारी खेळाला घराघरात नेले ते हातात धरावयाच्या यंत्रांनी. २००४ मध्ये निन्टेंडो कंपनीचे ‘डीएस’ व सोनी कंपनीचे ‘पीएसपी’ ही अंगभूत वाय-फाय असलेली यंत्रे आली. नोव्हेंबर २००५ मध्ये निन्टेंडोने ‘मारिओ कार्ट डीएस’ या खेळासोबत आपली मोफत ऑनलाइन सेवा सुरू केली. अनेक घरांत तेव्हा वाय-फाय नव्हते, म्हणून संगणकाला लावून त्याचेच बिनतारी केंद्र बनविणारी एक छोटी प्रयुक्तीही कंपनीने विकली. ही सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली.

२००६ मधील ‘वी’ या यंत्रात निन्टेंडोने क्रम उलटा केला. वाय-फाय अंगभूत आणि तारेसाठीचा जोड वेगळा विकत घ्यावयाचा, अशी त्याची रचना होती. २०१७ च्या ‘स्विच’ या यंत्रासोबतच्या बैठकीतही तारेला जागा नव्हती. २०२१ च्या सुधारित नमुन्यात मात्र ती देण्यात आली. पंधरा वर्षांच्या अंतराने तार परत आली, याचे कारण खेळाडूंच्या अनुभवात शोधावे लागते.

रांगेचा दोष : २००९ मध्ये संमत झालेल्या ‘८०२·११ एन’ या मानकाने अनेक आकाशकांचा एकाच वेळी उपयोग व अनेक पॅकेटांची मोट बांधणे या युक्त्यांनी वेग कितीतरी वाढविला. तथापि एक मोठी मोट जात असता इतरांना तेवढा वेळ तिष्ठत राहावे लागते. याच सुमारास एका निराळ्या दोषाकडे लक्ष वेधले गेले. अमेरिकन संगणकतज्ञ जिम गेटिस यांना २०१० मध्ये आपल्या घरातून मोठी फाइल पाठवीत असता फेरीचा विलंब एका सेकंदाहूनही अधिक वाढत असल्याचे आढळले. शोध घेता असे दिसले, की स्मृतिसाठा स्वस्त झाल्याने उत्पादकांनी मोडेम व राउटर यांत पॅकेट साठविण्याच्या जागा अवास्तव मोठ्या ठेवल्या होत्या. एकही पॅकेट वाया जाऊ नये या हेतूने केलेल्या या व्यवस्थेमुळे रांगा लांबत आणि एखाद्याने मोठी फाइल पाठविण्यास घेतली, की त्याच घरातील खेळाडूचे इवलेसे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी अडकून पडे. जोडणीचा जाहिरातीतील वेग दुप्पट करूनही हा दोष नाहीसा होत नाही.

यावरील उपाय रांगेच्या व्यवस्थापनात सापडला. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांगेत पॅकेट किती वेळ थांबले यावर लक्ष ठेवून वेळेवर काही पॅकेटे टाकून देणे व पाठविणाऱ्यास सावध करणे, हे तिचे तत्त्व होय. प्रत्येक प्रवाहास स्वतंत्र रांग देऊन तिला या पद्धतीची जोड देणारी रीत २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत नोंदविली गेली. वाय-फायपुरते पाहता, २००५ च्या ‘८०२·११ ई’ या सुधारणेने आवाज, चलच्चित्र, सामान्य व दुय्यम असे माहितीचे चार वर्ग कल्पिले होते. त्यानंतर स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाचे टोके होइलँड-यॉर्गेनसेन व इतर यांनी २०१७ मध्ये पॅकेटांची संख्या समान वाटण्याऐवजी हवेतील वेळ समान वाटण्याची पद्धत लिनक्स या संगणकप्रणालीत प्रत्यक्षात आणून २००३ मध्ये वर्णिलेली विसंगती दूर करता येते असे दाखविले. हे काम बव्हंशी मुक्त सहकार्याने झाले असून ते बाजारातील किती राउटरांत पोहोचते, हे उत्पादकांच्या इच्छेवर अवलंबून राहिले आहे.

पुढील मानकांतही वेगाबरोबर वाटणीचा विचार होऊ लागला. २०२१ मध्ये संमत झालेल्या ‘८०२·११ एएक्स’मध्ये (वाय-फाय ६) एकाच वेळी अनेक यंत्रांना कंप्रता-पट्ट्याचे लहान भाग नेमून देण्याची सोय झाली. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ६ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील १,२०० मेगॅहर्ट्‌झचा विस्तार परवान्याविना खुला झाला. जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ७ मध्ये एकाच यंत्रास दोन पट्ट्यांतून एकाच वेळी जोडून घेता येते व एक मार्ग गजबजला तर दुसऱ्याने जाता येते.

खेळाची सर्व गणना दूरच्या सर्व्हरवर करून केवळ चित्रे घरी पाठविण्याचे प्रयोगही याच काळात झाले. गुगल कंपनीची ‘स्टेडिया’ ही अशी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. अशा सेवेत खेळाडूचे घरातील यंत्र खेळाची गणना स्वतः करीत नसल्यामुळे पूर्वानुमानाचे तंत्र तेथे वापरता येत नाही. घरातील वाय-फायचा प्रत्येक अडखळ तीत उघडा पडतो.

घरापर्यंतची बिनतारी जोडणी : ज्या घरांपर्यंत तार वा तंतू पोहोचत नाही तेथे जोडणीच रेडिओने द्यावी लागते. विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवर फिरणाऱ्या भूस्थिर उपग्रहाद्वारे जोडणी घेतल्यास सूचना व तिचे उत्तर मिळून हे अंतर चार वेळा कापावे लागते आणि त्यातच सु. ४८० मिलिसेकंद जातात. कितीही वहनक्षमता वाढविली तरी हा काळ कमी होत नाही. म्हणून जलद हालचालींच्या खेळांना हा मार्ग जवळजवळ बंद होता. ऑक्टोबर २०२० पासून ग्राहकांना चाचणी स्वरूपात खुल्या झालेल्या ‘स्टारलिंक’ सेवेचे उपग्रह सु. ५५० किमी. उंचीवर असल्याने हाच भाग सु. ७ मिलिसेकंदांवर आला. मात्र हे उपग्रह आकाशात सतत सरकत असल्यामुळे जोडणी एकावरून दुसऱ्यावर न्यावी लागते व विलंबात चढउतार होतात.

भारतात या दिशेने झालेला एक लक्षणीय प्रयत्न म्हणजे मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अशोक झुनझुनवाला यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतरच्या दशकात विकसित झालेली ‘कॉर्डेक्ट’ ही प्रणाली होय. तीत एकाच बिनतारी जोडणीवर दूरध्वनी व दर सेकंदास ३५ किंवा ७० किलोबिट वेगाचे इंटरनेट मिळत असे. ती ग्रामीण भागासाठी होती, खेळासाठी नव्हे. परंतु घरापर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओने पार करण्याची कल्पना तीत होती. पाचव्या पिढीची मोबाइल सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली. एअरटेल कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली व मुंबई येथे, तर जिओ कंपनीने १९ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई व पुणे यांसह आठ शहरांत अशी घरगुती सेवा सुरू केली.

या सेवेत मनोऱ्यावरील केंद्र प्रत्येक ग्राहकास बोलण्याची वेळ नेमून देते. वाय-फायप्रमाणे टक्कर होत नाही. पण बोलण्याची परवानगी मागणे व ती मिळणे यांत काही मिलिसेकंद जातात आणि सायंकाळी त्याच मनोऱ्यावर गर्दी झाली, की प्रत्येकाची पाळी लांबते. दुसरी अडचण पत्त्यांची आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची प्रथा विशेषतः मोबाइल जालांत रुजली. अशा ग्राहकाकडे बाहेरून थेट येता येत नसल्यामुळे, खेळाडूंना परस्परांशी जोडणाऱ्या खेळांत त्यास सामने मिळणे कठीण जाते. दोष रेडिओचा नसतानाही अनुभव मात्र बिनतारी जोडणीच्या नावावर जमा होतो.

भारतातील प्रसार : भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००४ च्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी दर सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाची अट होती. त्या काळात मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील तरुण खेळाडू बहुधा सायबर कॅफेत एका खोलीतील तारेच्या जालावर खेळत; तेथे विलंब नगण्य असे व प्रतिस्पर्धी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल माहितीसेवा स्वस्त झाल्यावर खेळ खिशात आला. २०१८ मधील ‘पबजी मोबाइल’ हा खेळ येथे अतिशय लोकप्रिय झाला. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने त्यावर बंदी घातली व जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला. खेळाचे यंत्र मोबाइल असल्याने त्याला तार जोडण्याची प्रथाच नव्हती. त्यामुळे अनेक भारतीय खेळाडूंच्या बाबतीत तारेकडून रेडिओकडे असा प्रवास घडलाच नाही. त्यांचा आरंभच रेडिओपासून झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली व स्पर्धात्मक ई-क्रीडांना मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-क्रीडा प्रथमच पदकांसाठी खेळल्या गेल्या होत्या.

न्यायाचा प्रश्न : स्पर्धेचे स्वरूप जसजसे गंभीर झाले तसतसे वाय-फायवरून खेळणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. द्वंद्वयुद्धाच्या खेळांत एकाच्या अस्थिर जोडणीचा त्रास दोघांनाही होतो. ‘टेकन ७’ या खेळाच्या २०२० मधील सुधारणेपासून व ‘स्ट्रीट फायटर ६’ (२०२३) या खेळात प्रतिस्पर्धी तारेवर आहे की वाय-फायवर, हे दर्शविणारे चिन्ह सामन्यापूर्वी दिसते आणि ते पाहून सामना नाकारता येतो. उत्तम स्थितीतील वाय-फाय गर्दीच्या तंतूजोडणीहून अधिक स्थिर असू शकते, हे त्या चिन्हावरून कळत नाही. भाड्याच्या खोलीत भिंतीला भोक पाडण्याची मुभा नसलेला विद्यार्थी, एकाच राउटरवर चार माणसांचे काम चालणारे कुटुंब आणि तंतू न पोहोचलेल्या गावातील खेळाडू यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो. त्यांच्या घराची रचना व गावाचे स्थान यांचा निवाडा त्यांच्या कौशल्याआधी होतो. उलट बाजूने पाहता, अस्थिर जोडणीमुळे वारंवार सामना गमावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची तक्रारही खोटी म्हणता येत नाही.

व्यवहारात या परिस्थितीवर काही साधे उपाय आहेत. राउटर घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवणे, जवळच्या अंतरावर ५ किंवा ६ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा वापरणे, रांगेचे सुव्यवस्थापन करणारा राउटर निवडणे आणि शक्य तेथे निदान खेळाच्या यंत्रापुरती तार जोडणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. जोडणी विकताना मात्र आजही प्रामुख्याने वेग सांगितला जातो; गर्दीच्या वेळी विलंब किती वाढतो, हे क्वचितच सांगितले जाते. २०२३ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी अल्प विलंबासाठी नवी व्यवस्था दस्तऐवजबद्ध केली असून तिच्या प्रसारास आरंभ झाला आहे. हवाईतील स्थानकांनी १९७१ मध्ये एकमेकांच्या बोलण्यावर बोलू नये म्हणून जो संयम स्वीकारला, तोच आज प्रत्येक घरातील राउटरमध्ये अधिक सूक्ष्म रूपाने काम करीत आहे. थांबण्याचा वाटा सर्वांकडे सारखा जावा, यासाठीचे प्रयत्न अद्याप चालू आहेत.